व्हिडिओवरची चादर

सिनेमा पाहून माणूस बिघडतो की नाही, या चिंतेनं अख्ख्या पवनी तालुक्यात आमच्या मोठेबाबांइतका जीव कुणी जाळला नसेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मुक्काम कोंढा. ऐंशी सालानंतर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, गावात भाड्याचा व्हिडिओ यायला लागला. भरदुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लागायची आणि सगळ्यांच्या आधी मोठेबाबा टीव्हीशेजारी ठाण मांडायचे, मांडीवर चादर घेऊन. नायक-नायिका जरा जवळ आली, की पडलीच चादर टीव्हीवर! आता, प्रसंग संपला हे कळायला नको? म्हणून स्वतःचं डोकंही चादरीत. आम्ही बाहेर नुसतं संगीत ऐकायचो आणि मोठेबाबा आत एकटे गावाचं शील राखायचे.

"पाह्यलं का माणसाले करावंसं वाटते. तरणी पोरं नासतेत," हे त्यांचं ठाम मत. "मंग तुमी कायले पाहून राहिले?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "मी पिकलं पान. मले काय होते?" तरणी पोरं कुठली नासताहेत! धान कापून अंग मोडलेली ती, चादर पडली की डुलक्या काढायची.

खरं दुखणं निराळंच होतं. मोठेबाबांनी एकदा पाहुण्यांदेखत ताट भिरकावलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, आसगावला माहेरी निघून गेली. "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल," म्हणत हे बसले. वर्षं गेली. रोज सांजेला ओसरीवरून आसगावच्या रस्त्याकडे बघत राहायचे, पण आणायला जायचं नाव नाही. काय ती मेली ऐट! मलाच तिची इतकी आठवण यायची, त्यांना किती येत असेल!

एका मंडईला गाणं संपलं, मारामारी सुरू झाली, तरी चादर निघेना. सगळे ओरडले. मोठेबाबा बाहेर आले ते डोळे पुसतच. "रुसली होती ते. त्यानं हात धरला तिचा," एवढंच म्हणाले. मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. मला म्हणाले, "सायकल काढ. आसगावले जाऊ."

मोठीआई अंगणात तांदूळ पाखडत होती. भाऊ, भावजय, शेजारपाजार, सगळे होते. मोठेबाबांनी सरळ जाऊन सगळ्यांदेखत तिचा हात धरला. "चुकलं माह्यं. घरी चाल," म्हणाले. तिनं दुसऱ्या हातातलं सूप खाली ठेवलं.

"आता नाई येत मी," ती हळूच म्हणाली. "जेवून जाजा."

परतताना मला पेडल मारवेना, डोळे सारखे भरून येत होते. मोठेबाबा मागे बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "आली नाई. पण हात नाई सोडवला गा तिनं."