मेलेल्या कोंबड्या आणि बप्पांचा कडबा

पोल्ट्रीवाले चहाला बसले की कोंबड्या राहतात बाजूला आणि किस्सेच सुरू होतात. आमच्या वडवणीजवळच्या शेडचे तर पोतंभर साठलेत!

नव्वदच्या दशकात जो तो ब्रॉयलर पाळायला लागला, तसा मीही लागलो. रोज चार-दोन पक्षी मरायचे, ते आम्ही ओढ्यात फेकायचो. एका श्रावणी सोमवारी कुत्र्याने त्यातला एक उचलला आणि शेजारच्या अप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवला. अप्पांच्या घरात अंड्याचं नावही काढत नाहीत. त्यांनी ग्रामपंचायतीत अर्जच दिला, शेड बंद करा! सरपंच म्हणाले, दिवाळीनंतर बघायला येतो, वास आला तर कुलूप. माझं पोट त्याच शेडवर, त्यामुळे पाचावर धारण बसली.

* * *

जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. विटांचा हौद बांधायचा, कडब्याचा थर, त्यावर मेलेले पक्षी, कोंबडखत, थोडं पाणी, वर पुन्हा कडबा. आतून तापून आपोआप खत होतं. आमचे चुलते बप्पा ऐकत होते.

"जित्या बैलाला कडबा पुरंना, अन् मेल्या कोंबड्याला गादी करायची व्हय?"

* * *

हौद भरला, तरी तिसऱ्या दिवशी घाण सुटली. डॉक्टर चक्रावले. मग कळलं, बप्पा रोज सकाळी वरचा थर काढून बैलांना घालत होते.

* * *

मग कडब्याऐवजी घरामागे रचलेल्या कापसाच्या पळाट्या तोडून टाकायचं ठरवलं. तर आमच्या सौभाग्यवती हौदासमोर उभ्या! चूल कशावर पेटवू, असा त्यांचा सवाल होता. शेवटी पावसात काळं पडलेलं बाजरीचं सरमड सापडलं. त्याला बैलांनी तोंड लावलं नव्हतं आणि चुलीनंही घेतलं नव्हतं. कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

* * *

आत किती तापतंय ते बघायला थर्मामीटर नव्हता. डॉक्टर म्हणाले, लोखंडी सळई खुपसा आणि काढून जरा हात लावा. बप्पांनी ती सरळ मुठीतच धरली. दोन दिवस त्यांना डाव्या हाताने जेवावं लागलं, पण वास गेला. मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या पायाच पडलो.

* * *

दिवाळी झाली, थंडी पडली. ठरल्या सकाळी सरपंच आले. अप्पा त्यांच्याही आधी येऊन विटांच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. कंबरदुखी जुनी, पण इथं लई बरं वाटायलंय म्हणाले.

सरपंच सगळीकडे हुंगत फिरले. वास कुठंच नव्हता. अप्पांना ते पटेना. बसल्या जागेवरूनच ते म्हणाले, "लपवल्यात कुठंतरी. तो हौद कुठाय, ते दाखवा आधी."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

बप्पांनी हळूच विचारलं, "अप्पा, पाठ शेकली का?"