जूनमध्ये छाटलेलं कुंपण

आधी आमच्या सार्जंट बाईंचं सांगतो, मग घटनेचं. त्या नसत्या तर हे प्रकरण माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं असतं. त्यांचं नाव देत नाही, कारण इथे मी कुणाचंच नाव देणार नाही. ठाण्यात सगळे त्यांना 'सार्ज' म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. वडिलांना ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम मिळालं म्हणून सोळाव्या वर्षी कराडजवळच्या गावातून आई-वडिलांबरोबर इकडे आलो. दादा अठराच्या वरचा, त्याला व्हिसा मिळाला नाही. तो शेतावर राहिला. मी डेपोत बस धुतल्या, मग पोलिसात लागलो. पुढे रस्ते अपघातांच्या शाखेत बदली झाली तेव्हा माझा प्रत्येक रिपोर्ट सार्ज आधी वाचायच्या, पेन्सिलीने स्पेलिंग दुरुस्त करायच्या आणि घडी घालून माझ्या टेबलावर ठेवायच्या. वर कुणाला कळू दिलं नाही. एकदाही हसल्या नाहीत. एवढ्या वर्षांत स्पेलिंगची भीती काही गेली नाही, पण त्या बाईंची भीती कधी वाटली नाही.

आता घटना. निवृत्तीनंतर बऱ्याच गोष्टी पुसट झाल्या, ही मात्र कालची वाटते. जून महिना, मंगळवार, संध्याकाळचे सहा. इथे त्या वेळी लख्ख ऊन असतं. शहराबाहेर शेतांमधून जाणारे अरुंद रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काटेरी झुडपांचं कुंपण, त्याला इथे हेज म्हणतात. अशाच एका आडरस्त्यावरून एक मुलगी गाडी घेऊन आली आणि मोठ्या रस्त्यावर न थांबता निघाली. मोठ्या रस्त्याने सायकलवरून येणारे एक साठीचे गृहस्थ तिच्या गाडीवर आदळले.

जागेवर पहिला पोहोचलो तो मी. गृहस्थ शुद्धीवर होते. "माझा चष्मा बघा हो," एवढंच म्हणाले. मी प्रथमोपचार केले, ॲम्ब्युलन्स आली, गाडीचे आणि सायकलचे फोटो घेतले, रस्ता मोकळा केला. मुलीची श्वासाची चाचणी घेतली, दारू नव्हती. फोन तपासला, तोही वापरात नव्हता. दुखापतीचा अपघात म्हणून नोंद केली आणि घरी गेलो. ती ज्या बाजूने आली, त्या बाजूचा एकही फोटो मी घेतला नाही. ही चूक माझी, आणि ती पुढे महागात पडणार होती.

बुधवारी ठाण्यात एका आजीबाईंचा फोन आला. ऑपरेटरने तो स्पीकरवर टाकला.

"इथे कुणीतरी हेज छाटतंय! जूनमध्ये! आत पिल्लं आहेत. आमच्या वेळी असल्या माणसाला चर्चमध्ये शेजारी बसू दिलं नसतं कुणी!"

मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा काळ. तेव्हा हेजला हात लावायचा नाही, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. सगळे हसले. एकाने चिठ्ठी लिहून वन्यजीव तक्रारींच्या ट्रेमध्ये टाकली. पत्ता वाचायची तसदी कुणी घेतली नाही. मीही नाही.

शुक्रवारी ते गृहस्थ हॉस्पिटलमध्ये वारले. दुखापतीची केस मृत्यूची झाली. तपासणी पथकाने रस्ता बंद केला, मापं घेतली, फोटो काढले. आडरस्ता संपतो तिथे मोठ्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या, असं सांगणारी त्रिकोणी पाटी फोटोत स्वच्छ दिसत होती. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा नव्या डांबराखाली गेलेल्या, पण पाटी होती.

मुलगी बावीस वर्षांची. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, जेवू घालणं हे तिचं काम. त्या दिवशी नवीन भागात पहिल्यांदाच पाठवलेली. तिच्या वकिलासमोर मी जबाब घेतला. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता.

"पाटी नव्हती," ती म्हणाली.

मी फोटो पुढे सरकवला. "मग हे काय आहे?"

तिने बराच वेळ पाहिलं. "मला दिसली नाही."

"नव्हती की दिसली नाही?"

"मला माहीत नाही." मग रडायला लागली. "फोटोत आहे म्हणजे असेलच. मीच खोटी असेन. लिहा तसं."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस फोटो पाहून चिडतो, नवी गोष्ट रचतो. ही स्वतःवरच संशय घ्यायला लागली. तरीही मी लिहून मोकळा झालो: 'चालकाचे दुर्लक्ष.' कागद सार्जच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. पेन्सिल उचलली नाही.

"स्पेलिंग सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तू तिच्या बाजूने चालत आलास का?"

"पथकाने मापं घेतलीत, सार्ज."

"मी पथकाला विचारत नाहीये. माणसाबद्दल लिहायच्या आधी रस्ता चालून यायचा." आणि कोपऱ्यातली मोजणीची काठी, खाली चाक असलेली, माझ्या हातात दिली.

गेलो. मुलीच्या बाजूने दोनशे मीटर मागून चाक फिरवत चालत आलो. पाटी दिसत होती. पण पाटीच्या खाली पायाला काहीतरी टोचलं. हेजमधल्या हॉथॉर्न झुडपाच्या काटेरी फांद्या, पानं सुकलेली पण अजून हिरवट. वर पाहिलं तर पाटीभोवतीचं हेज चौकोनी छाटलेलं, बाकीचं रानटी वाढलेलं. कापलेली लांबच लांब फांदी उचलून मी पाटीसमोर धरली. पाटी दिसेनाशी झाली.

समोरच्या घराचं दार उघडलं. एक आजीबाई.

"आलात एकदाचे! बुधवारी फोन केला होता मी. माझ्या पक्ष्यांसाठी शनिवारी येता होय, माय लवर?"

ब्रिस्टलकडे आजीबाई पोस्टमनलाही माय लवर म्हणतात. पहिल्या वर्षी मी लाजून लाल व्हायचो. त्या दिवशी लाजायला वेळ नव्हता.

"आजी, अपघाताच्या दिवशी हे छाटलेलं होतं?"

"छे! बुधवारी सकाळी. म्हणून तर फोन केला!"

खबर तीन दिवस आमच्याच ट्रेमध्ये पडून होती.

हेज ज्याचं होतं तो शेतकरी पलीकडेच राहत होता. साठीचा, भला माणूस. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हाच त्याला कळलं. किटली लावली, पण चहा ओतलाच नाही.

"ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही, असा नियम," तो म्हणाला. "मी आयुष्यात नियम मोडला नाही. पाटी झाकतेय हे मेपासून दिसत होतं मला. म्हटलं, सप्टेंबर उजाडला की पहिलं हेच काम. त्या संध्याकाळी ॲम्ब्युलन्स गेली. सकाळी उठलो आणि त्या हिरव्या भिंतीकडे मला बघवेना. कापून टाकली. तुम्हाला फसवायला नाही हो."

"रस्त्याच्या सुरक्षेसाठी छाटायला परवानगी असते," मी म्हणालो.

तो खुर्चीत बसला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत का?"

त्याने मान हलवली. मग स्वतःहून पूर्ण जबाब दिला, सही केली. मुलीवर खटला भरला गेला नाही. गृहस्थांच्या पत्नीला हे सांगायला मीच गेलो. "म्हणजे त्या पोरीचा राग करायला नको," त्या म्हणाल्या. "बरं झालं. तेवढं ओझं कमी." त्या दाराशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो चष्मा होता.

फाइल बंद झाली त्या दिवशी मी सार्जना पहिल्यांदा दादाबद्दल सांगितलं. दादा मोटरसायकलवरून आमच्याच शिवाराच्या रस्त्याने हायवेला निघाला आणि ट्रकखाली आला. तिथल्या कागदात एक ओळ: मयताची हयगय. तो डिसेंबरात गेला. इथे आई आजारी, मला जायला फेब्रुवारी उजाडला. मी त्या कोपऱ्यावर उभा राहिलो. दोन्हीकडे मैलभर स्वच्छ दिसत होतं. घरी येऊन वहिनीसमोर म्हणालो, "दादाने बघायला नको का?" वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, ते बघितल्याबिगर गाडी काढायचे न्हाईत." मी मान फिरवली. पोलिसवाला ना मी.

सार्ज स्वतः शेतकऱ्याची मुलगी. त्यांनी विचारलं, "तिथे पीक कसलं असतं?"

"ऊस."

"केवढा वाढतो?"

"दोन पुरुष."

"कापतात कधी?"

"जानेवारीत," मी म्हणालो, आणि तेव्हा उमगलं: दादा गेला तेव्हा ऊस उभा होता, मी पोहोचलो तेव्हा कापलेला. ऊस आमचाच होता. रस्त्याच्या कडेपर्यंत दादानेच लावलेला.

गावाकडून फोन आला की नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे रस्त्यावर माणसं कमी का मरतात? तिथे शिस्त आहे ना! मी इतकी वर्षं गाड्या थांबवल्या आहेत. शिस्त मला ठाऊक आहे. याच देशात मोटरवेवर सगळे भरधाव जातात आणि तिथे त्या मानाने माणसं कमी दगावतात. फुलांनी भरलेल्या, शांत दिसणाऱ्या गावाकडच्या रस्त्यांवर जास्त. माणसं तीच, शिस्त तीच. दवाखाना किती लांब, गाड्या कशा, डोक्यावर हेल्मेट आहे का, हे सगळं खरंच. पण मला वाटतं, एक माणूस गेल्यावर त्या जागी पुन्हा चालत कोण जातं, यानेही फरक पडतो. जिथे 'हयगय' लिहून कागद मिटतो तिथे तोच कोपरा पुढच्याची वाट बघत बसतो. आणि इथेही कागद मिटणारच होता. माझ्याच हाताने.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी सार्जनी मला ती चाकाची काठी दिली. ती आता दाराशी छत्रीजवळ उभी असते. जाता-येता दिसते, आणि गावाची अशी ओढ लागते की काही सुचत नाही. उसाच्या पाचटाचा वास, दादाने मोटरसायकलला मारलेली किक, घरात पाऊल टाकण्याआधीच त्याचं ओरडणं, "चहा ठेवा गं." वहिनी अजून तिथेच आहे, आणि ऊस अजून रस्त्याच्या कडेपर्यंत आहे. फोनवर बोलायला धीर होत नाही. हे फोनवर बोलायचं नाहीच.

सार्ज, या नोव्हेंबरात जातो आहे. ऊस उभा असताना. दादाच्या बाजूने तुमचं चाक फिरवत चालत येईन, नकाशा काढेन आणि वहिनीची माफी मागेन. मग कोपऱ्यातला ऊस आम्ही दोघं मिळून काढू, आणि तिथे पुन्हा काही लावणार नाही. त्या मोकळ्या कोपऱ्याचा फोटो तुम्हाला पाठवेन. तुमची परतफेड मला एवढीच जमेल, पण ती करेन.