हरायची नोकरी

माझे सासरे मोरेश्वर इंग्लंडमध्ये दहा वर्षं हरायची नोकरी करत होते. थट्टा नाही करत. साताऱ्याच्या तालमीत घुमलेला हा गडी सत्तरच्या दशकात तिथल्या टाऊन हॉलांत फेटा बांधून ‘महाराजा’ म्हणून उतरायचा, लोकांच्या शिव्या खायचा आणि शेवटी चीतपट व्हायचा. कोणी जिंकायचं ते कपडे बदलायच्या खोलीतच ठरलेलं असे. शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती लागली की घरोघरी बघायचे. म्हाताऱ्या बायका तर रिंगपाशी येऊन बाबांना छत्रीनं बडवायच्या.

केदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शाळेतली पोरं दर सोमवारी विचारायची, "बाप पुन्हा आडवा?" त्याला उत्तर मिळालं ते बाबांच्या अगदी शेवटच्या, लीड्सच्या कुस्तीत. तिथे बाबांनी टॉमी नावाच्या चॅम्पियनला हरवलं होतं.

आता आम्ही सगळे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतो. गेल्या महिन्यात ब्रिटिश कुस्तीचा इतिहास लिहिणाऱ्या एका बाईंनी बाबांना व्हिडिओ कॉल केला. केदारनं ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. "बाबा, लीड्सचं नीट सांगा हं. ते पुस्तकात यायलाच पाहिजे." अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, पण हट्ट पोराचा. मला असा राग आला होता!

बाईंनी विचारलं, "लीड्सचा निकालही ठरलेला होता?"

"टॉमी आहे का अजून?" बाबांनी उलट विचारलं.

"मार्चमध्ये गेला."

"मग सांगतो. त्यानं मला उचलून फेकायचं, असं ठरलं होतं. तिसऱ्या फेरीत त्याची मान दुखावली. माझ्या कानात म्हणाला, हात बधिर झालेत. तशात मला उचललं असतं तर जन्मभर अंथरुणाला खिळला असता. मी त्याला अलगद खाली घेतलं, वर पडून राहिलो आणि पंचाला म्हटलं, तीनपर्यंत मोज, संपव. ठरलेलं मोडलं म्हणून दुसऱ्या दिवशी मला काढलं. कारण सांगितलं असतं तर दुखरी मान घेऊन त्याला कोण काम देणार? तेव्हा तो विजय माझ्या नावावर लिहू नका."

केदारचा चेहरा पार उतरला. एवढी वर्षं त्याच एका कुस्तीवर त्यानं मान ताठ ठेवली होती. मला त्याची कीव आली, आणि बाबांचे पाय धरावेसे वाटले.

"बाबा, एकूण किती हरलात?" त्यानं हळूच विचारलं.

"आठशे तरी असतील."

"त्यांत तुमच्या हातून कोणाला लागलं?"

"छे. कुणालाच नाही."

केदार स्क्रीनकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "लीड्स काढून टाका. पण हरलेल्या सगळ्या कुस्त्या लिहा. एकही सोडू नका."