घर शोधत आलेला माणूस

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणा एका सभासदाची जीवनकथा छापली जाते. ज्याची छापली जाते त्याने शस्त्रक्रियेत नाव काढलेले असते, नाहीतर त्याच्या मुलीने विद्यापीठात पदक मिळवलेले असते. यंदा मी प्रल्हाद सबनीस हे नाव सुचवले, तेव्हा संपादक मंडळातील पाचही जण आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले. हा लेख ते छापणार नाहीत हे गृहीत धरूनच मी तो लिहीत आहे.

प्रल्हाद क्रेगीबर्न या आमच्याच उपनगरात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. पुण्यात तो पाणीपुरवठ्याच्या नळवाहिन्यांचे आराखडे करीत असे, इथेही तेच करतो. त्याची पत्नी यामिनी आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली. आई वारली, तरी यामिनी परतली नाही. भांडण झाले असते तर लोकांना निदान एक विषय मिळाला असता. पण ती दोघे अजूनही दर रविवारी फोनवर व्यवस्थित बोलतात आणि फोन ठेवला की आपापल्या घरात एकटी उरतात. मुलगी नुपूर देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला, नोकरी करते. वडिलांच्या लांबलचक मेसेजला ती अंगठ्याचे चित्र पाठवते.

अशा माणसाने संध्याकाळी करायचे काय, याची चिंता मंडळाने कधी केली नाही. ती फूटीने केली. फूटी म्हणजे इथला फुटबॉल, लंबगोल चेंडूचा आणि अंगावर धावून जाण्याचा. ऑफिसात सहकाऱ्यांनी निकाल ओळखण्याच्या स्पर्धेत त्याचे नाव घातले, तिथून त्याला या खेळाची गोडी लागली आणि थोड्याच दिवसांत त्याचे लक्ष मोठ्या खेळाडूंवरून पोरांकडे वळले. वर्षाच्या अखेरीस इथे ड्राफ्ट होतो: देशभरातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलांतून मोठे क्लब आपले नवे खेळाडू निवडतात. कोणाची निवड होईल यावर वर्षभर खल करणारी प्रौढ माणसांची एक स्वतंत्र जमात आहे. त्यात विमा विकणारे आहेत, ट्रक चालवणारे आहेत, निवृत्त शिक्षकही आहेत. ही माणसे शाळकरी पोरांची इन्स्टाग्राम खाती रोज तपासतात, कोणाची उंची किती वाढली यावर वाद घालतात, आणि मुलगा एखाद्या सामन्यात कमी पडला तर त्याच्या फोटोखाली जाऊन त्याला ते सुनावतात. मला हा प्रकार कधीच शोभनीय वाटला नाही, आणि तसे मी प्रल्हादला तोंडावर सांगितले आहे.

एवढे मात्र त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे की प्रल्हादने कोणत्याही मुलाला कधी वाईट शब्द लिहिला नाही. पुतण्याच्या दहावीच्या निकालावर काकाने लिहावे तसे तो लिही. मुलगा हरला तर झोप नीट घे, जिंकला तर आईला मिठी मार, आणि शेवटी ब्लेसिंग्ज. पोरे हसत असावीत, पण त्यांनी त्याचे नाव छाटून प्राल केले आणि मैदानावर त्याला त्या नावाने हाक मारू लागली. दर शनिवारी आमच्या उत्तरेकडील उपनगरांच्या संघाचा सामना असे, आणि कुंपणापाशी चार-पाच चाहते ठरलेल्या ठिकाणी उभे राहत. त्यांतला ब्रेट हा प्लंबर. प्रल्हादचे गुडघे दुखतात हे पाहून त्याने एक घडीची खुर्ची आणली आणि ती आपल्या गाडीत कायमची ठेवून दिली. त्या संध्याकाळी प्रल्हाद आमच्याकडे आला आणि चहा घेताना मला म्हणाला, "नंदू, या देशात माझी म्हणून एक जागा झाली बघ." घर त्याने कितीतरी वर्षांपूर्वी विकत घेतले होते.

या संघात जॉर्डी मॅकी नावाचा मुलगा होता. सनबरी गावाच्या पलीकडे राहणारा, लाजरा, आणि धावत असताना चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या आधी ओळखणारा. त्याच्याविषयी चाहत्यांच्या फेसबुकवरील पानावर पहिल्यांदा लिहिले ते प्रल्हादने. या वर्षी जून महिन्यात एका सामन्यात उडी घेऊन उतरताना जॉर्डीचा गुडघा फिरला आणि आतला अस्थिबंध तुटला. म्हणजे हा हंगाम गेला, कदाचित ड्राफ्टही गेला. मुलाने रुग्णालयातून फोटो टाकला, मग घरच्या व्हरांड्यातून, पाय उशीवर ठेवलेला. शेकडो माणसांनी खाली तुटलेल्या हृदयाची चित्रे लावली.

प्रल्हादला ते अपुरे वाटले. तो ज्या घरात वाढला तिथे कोणी अंथरुणाला खिळले की भेटायला जायचे असते. फोनवर चौकशी करणे ही सबब मानली जाते. त्याने पुण्याला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्या देखरेखीखाली डिंकाचे लाडू केले. हाडे आणि सांधे भरून येण्यासाठी आपल्याकडे तेच देतात. डिंक जरा करपला, म्हणून दुसऱ्यांदा तळला. मग स्टीलच्या डब्यात लाडू आणि पिशवीत संत्री घेऊन तो रविवारी दुपारी निघाला. मला त्याने विचारले असते तर मी त्याला थांबवले असते. त्याने विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही.

पुढचे त्याने मला त्याच रात्री सांगितले, आणि नंतर इतक्या वेळा सांगितले की मला ते पाठ झाले आहे.

दार मुलाच्या आईने उघडले. तिचे नाव केरी. बाहेरचे जाळीचे दार तिने बंदच ठेवले. प्रल्हादने आपले नाव सांगितले, जॉर्डीला पाहायला आलो म्हणाला, आणि डबा पुढे केला. मग आपण केवढ्या आपुलकीने आलो आहोत हे तिला कळावे म्हणून त्याने जोडले, "माझ्याकडे पत्ता नव्हता. घर मी स्वतः शोधत आलो."

"कसं शोधलं?" केरीने विचारले.

प्रल्हादने सांगितले. सविस्तर सांगितले. मार्चमधल्या फोटोत मागे पाण्याची टाकी होती, ती कोणत्या वस्तीची हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. कुत्र्याच्या फोटोत हिरवी पत्रपेटी दिसत होती आणि तिच्याजवळ लिंबाची दोन झाडे. तेवढ्यावरून तो तीन रस्ते फिरला आणि बरोबर घरापाशी आला. आपल्याकडे पाहुण्याने दारात उभे राहून हे सांगितले की घरची माणसे म्हणतात, अहो, केवढा त्रास घेतलात, आणि आत पाणी आणायला जातात. प्रल्हाद त्या पाण्याची वाट पाहत उभा होता.

केरीने जाळीच्या दाराची कडी लावली. ती म्हणाली, "तो सतरा वर्षांचा आहे."

"हो, पुढच्या महिन्यात एकोणीस तारखेला अठराचा होईल," प्रल्हाद म्हणाला.

मग अत्यंत शांत आवाजात तिने त्याला जायला सांगितले, आणि डबाही घेऊन जायला सांगितले. आतून मुलाने कोण आहे म्हणून विचारले. कोणी नाही, असे तिने उत्तर दिले, आणि ते प्रल्हादने ऐकले.

केरीविषयी माझी तक्रार नाही. माझ्या मुलीची, इरावतीची जन्मतारीख आणि आमच्या पत्रपेटीचा रंग सांगत एखादा परका पुरुष दारात उभा राहिला असता, तर मी थेट पोलिसांना बोलावले असते. केरीने फक्त संघाला कळवले. तिने आईचे कर्तव्य केले, आणि मी हे प्रल्हादलाही सांगितले. त्याने मान हलवली. "बरोबर आहे रे तिचं," तो म्हणाला. "ती घाबरली. मला पाहून कोणी घाबरेल असं मला वाटलंच नव्हतं."

माझी तक्रार त्या इतरांविषयी आहे, ज्यांना तीच टाकी, तीच पत्रपेटी आणि तीच जन्मतारीख ठाऊक होती. त्यांनी दोन दिवस पानावर प्रल्हादची यथेच्छ निर्भर्त्सना केली. त्यांतील एकाने त्याला विकृत म्हटले. हा गृहस्थ पूर्वी त्याच मुलाच्या मांडीचा घेर मोजण्यासाठी फोटो मोठा करून पानावर लावीत असे. ब्रेटने मेसेज पाठवला की सॉरी मेट, माझीही पोरं क्लबात आहेत. दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची प्रल्हादच्या गॅरेजच्या दाराला टेकवून ठेवलेली होती. ब्रेटने बेल वाजवली नव्हती.

आणि माझी तक्रार आमच्या माणसांविषयी आहे. बातमी मंडळात पोहोचली तेव्हा अध्यक्ष शैलेंद्र यांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांच्या सुरक्षिततेविषयी एक सर्वसाधारण स्मरणपत्र टाकले. त्यात नाव नव्हते. त्याची गरजही नव्हती. गणपतीतील मुलांच्या खेळांची जबाबदारी प्रल्हादकडे असे, ती न बोलता दुसऱ्याकडे गेली. शैलेंद्र यांची बायपास झाली तेव्हा हाच माणूस आठवडाभर त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन रुग्णालयात जात होता. त्यांच्या घरापासून प्रल्हादचे घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मंडळातले कोणी त्याच्याकडे फिरकले नाही. मी शैलेंद्र यांना फोन करून तसे म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "नंदू, तुला प्रत्येक गोष्टीत भांडण का लागतं? ऑप्टिक्स म्हणून काही असतं, लोकांना कसं दिसतं तेही पाहावं लागतं."

जुलैच्या मध्यावर संघाच्या खेळाडू-कल्याण अधिकाऱ्यांनी प्रल्हादला भेटीस बोलावले. सोबत एक माणूस आणता येईल असे कळवले होते. त्याने मला नेले, कारण नगरपालिकेपासून वीज कंपनीपर्यंत सर्वांशी मी लेखी भांडलेलो आहे आणि त्याला वाटले मला बोलता येईल. मी तयारी करून गेलो. मैदानालगतच्या लहान खोलीत आम्हाला पाणी दिले गेले. अधिकारी एक तरुण बाई होत्या आणि सभ्यपणे बोलल्या. आरोप कोणताही नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. अठरा वर्षांखालील सामने आणि सराव यांना त्याने येऊ नये, मुलांची खाती पाहणे बंद करावे, आणि मैदानाबाहेरही कोणा खेळाडूशी बोलू नये, एवढीच विनंती होती. मी विचारले की हीच विनंती त्या पानावरच्या इतर माणसांना केली जाणार आहे का. त्यांनी सांगितले की ती माणसे कोणाच्या दारात गेली नाहीत. याला माझ्याकडे उत्तर होते. पण मी तोंड उघडण्यापूर्वी प्रल्हादने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला मान्य आहे," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "ऑपरेशन नीट झालं का त्याचं?"

बाईंनी सांगितले की हे त्यांना सांगता येणार नाही. सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

प्रल्हादने तिथेच फोन काढला आणि एकेक मुलाचे खाते अनफॉलो करीत गेला. त्या बाई आणि मी पाहत बसलो होतो, बराच वेळ. कोणी त्याला घाई केली नाही. पुढे काय करणार, असे बाईंनी हळूच विचारले. मोठ्यांचे सामने तरी पाहत जा, असेही सुचवले. तो म्हणाला, "तिकडे सगळ्यांना पाहणारे आहेत."

आम्ही बाहेर आलो तेव्हा सरावाची वेळ होत आली होती. पार्किंगमध्ये पालकांच्या गाड्या लागत होत्या आणि पोरे पाठीवर बॅगा घेऊन उतरत होती. प्रल्हाद मान खाली घालून, डांबराकडे पाहत, भराभर चालू लागला. त्याला गाडीपर्यंत पोहोचायचे होते. मधल्या दोन रांगांपलीकडून एका उंच मुलाने हात उंचावला आणि मोकळ्या आवाजात हाक मारली, "प्राल, कसा आहेस, मेट? शनिवारी दिसला नाहीस."

प्रल्हाद थांबला नाही. त्याने मान वर केली नाही, हात केला नाही. गाडीचे दार उघडून तो आत बसला आणि पट्टा लावला. मुलगा क्षणभर आमच्याकडे पाहत उभा राहिला, मग खांदे उडवून मित्रांमागे गेला. मी गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर काढली. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.

"त्याला वाटलं असेल, मला ऐकू आलं नाही," प्रल्हाद म्हणाला. "हो ना?"

मी हो म्हटले.