वैशाखात व्यालेली चांदी

“गाईचं आन् बाईचं वय इचारायचं नसतं, दादा!” आमच्या दूधवाल्या काकू व्यापाऱ्याला सुनावत होत्या. मी पातेलं घेऊन गोठ्याच्या दारात उभी. वय लपवण्यात काकूंचा हात धरणारं उभ्या औरंगाबादेत कुणी नव्हतं. स्वतःची दहा वर्षं त्यांनी सहज गिळली होती, नवऱ्याची, घरावरच्या कौलांचीसुद्धा. सातव्यांदा व्यालेली चांदी त्यांच्या लेखी कित्येक वर्षं चौथ्याच वेताला होती. दर वेतामागं गाईच्या शिंगावर एक वळं उमटतं. पोळा बैलांचा, पण काकू त्या दिवशी चांदीचीही शिंगं काचेनं तासत आणि वर लाल रंग फासत. वळी गायब!

मी कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून काकूंची ‘मडम’, आणि तोंडातून शब्द फुटेना म्हणून ‘मुकी मडम’. विद्यापीठाच्या नामांतरावरून गल्लीत आवाज चढले की काकू चरवी आपटत, “नाव दिल्यानं कोणाचं दूध आटतंय व्हय? देऊन टाका की!” माणसं मग दुप्पट जोरानं भांडत.

त्या सकाळी शहर बंद होतं. चिकलठाण्याचा कारखानाही बंद, म्हणून काकूंचा थोरला मुलगा घरी. त्यानंच गंगापूरच्या व्यापाऱ्याला पहाटे बोलावलं होतं. चौकात दगड पडायच्या आत गाय बाहेर काढायची त्याला घाई. थकलेली गाय पुढं कुठं जाते, ते कुणी बोलत नव्हतं. मुलाचा आणि व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली गेला; बोटं दाबून भाव सुरू झाला. लांबून पोलिसांच्या शिट्ट्या आल्या.

“चौथ्या वेताची हाय रे,” काकूंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

“चौथ्याला तर गाय ऐन भरात असती, मावशी,” व्यापारी हसला. “तवा एवढंसंच दूध? म्हंजी अंगात खोट हाय.”

“ऐक, माय!” मुलगा म्हणाला.

काकूंची लबाडी चांदीच्याच गळ्याशी आली होती. आता खरं सांगावं तर गाय म्हातारी, न सांगावं तर रोगी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत ‘मडम’ नव्हती, ‘मुकी’ही नव्हती.

आता त्या गोठ्याच्या जागी स्कूटरचं दुकान आहे. काकूही नाहीत. पण तिथून जाताना मला अजून माझाच चिरका आवाज ऐकू येतो:

“दादा, हात काढा. चांदी सातव्या वेताची आहे. पण मागच्या खेपेला कार्तिकात व्याली, तेव्हा याच पातेल्यात दूध मावत नव्हतं. या खेपेला भर वैशाखात व्यालीय. थोडं वयानं गेलं, जास्त उन्हानं. अजून एकदा थंडीत व्यायला मिळू द्या ना तिला.”