त्रिपुरसुंदरीची रक्ततपासणीची खोली

तांबरमजवळच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात त्रिपुरसुंदरी सिस्टरांना सगळे वचकून असत, डॉक्टरसुद्धा. केमो घेतलेल्या माणसांनी रक्ताच्या एका रिपोर्टसाठी खोकणाऱ्या गर्दीत चार-चार तास बसायचं, हे त्यांनी पाहिलं आणि भांडून तळमजल्यावर वेगळी खोली मिळवली. रक्त काढायचं, पेशी बघायच्या, पुढची केमो द्यावी की लांबवावी ते डॉक्टरांना कळवायचं, सगळं त्याच करत. तंजावरच्या मराठी घरातल्या. चिडल्या की बोलण्यात तमिळ घुसे.

त्या मंगळवारी रेवा आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला, निधीला, पुढच्या केमोआधीच्या तपासणीसाठी घेऊन आली. रेवा नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आलेली. थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव. सिस्टरांनी फॉर्मवर 'ताप नाही' लिहिलं. पण सुई टोचताना निधीचा दंड घामाने चिंब लागला.

"गोळी कधी दिलीस?"

"कसली, सिस्टर?"

"तापाची. मला शिकवू नकोस."

रेवाने मान खाली घातली. "सकाळी सहाला. रात्री एकशे एक होता. तुम्ही परत केमो पुढे ढकलली असती. आधीच दोनदा ढकललीय."

"अय्यो! म्हणून ताप झाकलास? शिकलेली ना तू?"

"मी सांगत होते आईला," निधी पुटपुटली.

"तू पाणी पी, बाळा, कण्णा. तुझ्या आईशी माझं भांडण चाललंय."

रिपोर्ट आला. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. वरून डॉक्टरांचा निरोप आला, जेवून बघतो.

सिस्टरांनी फोन उचलला. "जेवा सावकाश. तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं नाही, तर पुढचं तिच्या आईला तुम्हीच सांगायचं." फोन आपटून त्यांनी निधीची व्हीलचेअर स्वतः वॉर्डात ढकलत नेली. वीस मिनिटांत औषध सुरू झालं.

"वाचेल ना?" रेवाने विचारलं.

"आज मला विचारू नकोस."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रेवा आभार मानायला तळमजल्यावर आली, तर सिस्टर फॉर्मच्या गठ्ठ्यावर वाकलेल्या. प्रत्येक कागदावरचा 'ताप आहे का?' खोडून त्यावर लिहीत होत्या, 'कालपासून कुठली गोळी घेतली?'

"नऊ वर्षं मूर्खासारखी ताप विचारत बसले," मान वर न करता त्या म्हणाल्या. "घाबरलेली आई ताप कशाला कबूल करेल? गोळीचं विचारलं की सापडते. आभार नकोत. बस इथे, हे अर्धे कागद तू खोड."