आण्णांच्या झाडाचे कपकेक

सुभेदारांनी कपकेकचा मोठा घास घेतला आणि मांडवात टाळ्या वाजल्या. दोन-तीनदा जबडा हलला, मग थांबला. मी समोरच उभी होते, ट्रे छातीशी धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडेही पाहिलं नाही. उरलेला कपकेक शांतपणे संपवला, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाले, "चांगलं झालंय."

चव आवडलेला माणूस असा खात नाही. एवढं मला या धंद्यात कळायला लागलंय.

मी कोरेगावला घरातूनच बेकिंग करते. वाढदिवसाचे केक वर्षभर असतातच, पण पाऊस ओसरला की माझा आवडता सीझन सुरू होतो. पेरू, अंजीर, सीताफळ, सगळं एकदमच बाजारात येतं. त्यात दालचिनी नाहीतर जायफळ घालायचं आणि कपकेकच्या पोटात ते फळ भरायचं. या पोटातल्या सारणाला आम्ही फिलिंग म्हणतो. माझ्या 'ऑक्टोबर बॉक्स'ची लोक वाट बघतात, असं मी सगळ्यांना सांगत असते. निम्मं खरं आहे.

अलकाताई माझ्या बेकिंगच्या क्लासला यायच्या. नवरा सैन्यात सुभेदार, गाव माण तालुक्यात, पण मुलांच्या शाळेसाठी त्या कोरेगावात खोली घेऊन राहतात. नवरात्राच्या तोंडावर त्या सीताफळांनी भरलेली पाटीच घेऊन दारात आल्या.

"मॅडम, आमचे हे रिटायर हून येत्यात. गावानं मिरवणूक ठेवलीया. तवा ह्याचे कपकेक करून द्या. बिनअंड्याचे, नवरात्र हाय."

"करते की. पण फळं कशाला आणलीत? मी घेतली असती."

"आवं, ही बाजारची न्हाईत. आमच्या आण्णांनी, म्हंजी सासऱ्यांनी, बांधाला झाड लावल्यालं. आण्णा गेलं. ह्यांना उभ्या नोकरीत ह्या झाडाचं फळ खायला गावलं न्हाई. रजा कवा मिळणार, तर मे महिन्यात. तवा झाडाला पानं बी नसत्यात."

मग हसून म्हणाल्या, "समदं झाड उतरवून आणलंय. घरात एक फळ ठेवलं न्हाई."

हे ऐकूनच मी ठरवलं की कपकेक असे करायचे की सुभेदारांनी जन्मभर नाव काढावं. तिथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

एरवी सीताफळाचं फिलिंग मी गारच भरते. कपकेक भाजून थंड झाला की मधे सुरीने खळगा करायचा, गर आणि क्रीम एकत्र करून आत भरायचं, वर झाकण ठेवायचं. पण इथे भर उन्हातला मांडव, मिरवणूक किती रेंगाळेल याचा नेम नाही आणि फ्रिज नाही. क्रीम आंबलं असतं. म्हणून मी विचार केला की पेरूचं करते तसंच करू. गर साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून शिजवायचा, जॅमसारखा घट्ट करायचा, कच्च्या पिठाच्या मधोमध चमचाभर घालायचा आणि कपकेकबरोबरच भाजून काढायचा.

माझ्या कोर्सच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की सीताफळाला आच दाखवायची नाही, ते कडवट होतं. मला ते आठवलंसुद्धा. पण ते आइस्क्रीमच्या तासाला सांगितलं होतं, म्हणजे आइस्क्रीमपुरतंच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोयीचं असलं की समजूत लवकर पटते.

गर काढताना एक चमचा तोंडात टाकला होता. फळ उपवासाला चालतं. इतकं गोड सीताफळ मी कधी खाल्लं नव्हतं. शिजवताना गराला किंचित गुलाबी छटा आली. मला वाटलं, वा, रंग काय सुरेख आलाय! वासही छान सुटला होता. चव मात्र बघता येईना, कारण आता त्यात कॉर्नफ्लोअर पडलं होतं आणि माझे नवरात्राचे उपवास होते.

यावर माझ्याकडे वर्षानुवर्षांची सोय आहे. शेजारच्या रेहाना भाभी. त्या ब्लाउज शिवतात आणि माझ्या उपवासाच्या दिवसांत प्रत्येक घाण्याची चव बघतात. पण आदल्या आठवड्यात पेरूचा कपकेक खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "दालचिनी जास्त झाली गं. पेरू कुठं लपलाय, कळंना." मला ते लागलं होतं. मी सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलेली बाई! त्या दिवशी भाभींच्या मशिनचा आवाज भिंतीपलीकडून येत होता आणि मी हाक मारली नाही. नवऱ्याला एक दिला, तर ते म्हणाले, "झालाय चांगला." त्यांनी कडेकडेचा तुकडा खाल्ला होता, फिलिंगपर्यंत पोचलेच नव्हते. ते कशालाही चांगलंच म्हणतात.

तर मांडवात सुभेदारांनी आख्खा कपकेक संपवला. बायकांचे उपवास, त्यामुळे त्यांनी "पोरास्नी नेतो" म्हणत कागदी रुमालात बांधून घेतले. अलकाताईंनाही उपवास होता. त्या नवऱ्याकडे बघत खूश होत्या. एवढ्यात सुभेदारांचे चुलतभाऊ, बापू, यांनी घास घेतला आणि मांडवाबाहेर जाऊन थुंकला.

"आयला, कडूझार हाय की!"

मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. आधी गोड लागतं आणि मागून जिभेवर कडू उतरतं, असं सगळे एकमेकांना सांगायला लागले. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सरांचा तो तास आख्खा डोळ्यांपुढे आला. पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

बापू म्हणाले, "फळच कडू हाय. झाड म्हातारं झालं. त्यात बोअरचं खारं पाणी."

"व्हय, मुळाला कीड लागली आसंल."

"मी कवाधरनं म्हनतोय, त्या झाडापायी ट्रॅक्टर वळत न्हाई. दसरा झाला की जेसीबी लावूया. मुळासकट काढू."

सुभेदार आईकडे वळले. "जिजी, आण्णांचं झाड कडू कवा झालं गं?"

जिजी चाचरल्या. "मला काय म्हाईत बाळा? औंदा मी चाखलंच न्हाई. समदं तुज्यासाठी धाडलं."

अलकाताईंचा चेहरा पडला होता. आणि मी त्या वेळी काय करत होते? दोन बायका दिवाळीच्या ऑर्डरसाठी माझा नंबर विचारत होत्या आणि मी तो सांगत होते. एकेक आकडा नीट, सावकाश. त्या आख्ख्या मांडवात फळ गोड होतं हे माहीत असलेली मी एकटी होते. एका मेलेल्या माणसाच्या झाडावर माझं पाप चढत होतं आणि मी नंबर सांगत होते. आजही तो नंबर कुणाला सांगताना मला ते आठवतं आणि स्वतःची शरम वाटते.

नंबर सांगून झाला. मग मात्र राहवेना. मी पुढे गेले.

"झाडाचा काही दोष नाही. फळ गोड होतं, मी खाल्लंय. मी ते शिजवलं म्हणून कडू झालं. चूक माझी आहे."

मग बापू हसले. "मॅडम, तुमी कशाला आपल्या अंगावर घेताय? शिजवून कुटं फळ कडू हुतं व्हय?"

"खरंच होतं. सीताफळाचं होतं."

"मोठं मन हाय बाईचं," मागून कुणीतरी म्हणालं. नंबर घेतलेल्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुभेदार हात जोडून म्हणाले, "आवं ताई, तुमी एवढं लांबनं आला. कशाला वाईट वाटून घेताय?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खरं बोलले आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

घरी आले आणि उरलेला एक कपकेक घेऊन थेट भाभींकडे गेले. त्यांनी घास घेतला, मशिन थांबवलं आणि उठून मोरीकडे गेल्या. चूळ भरून आल्या.

"मला हाक का नाही मारली?"

"राग आला होता. दालचिनीचा."

"मंग आता?"

आता काय? मी रडायच्या बेतात होते. त्यांनीच विचारलं, "सगळी फळं शिजवलीस का गं?" आणि मला आठवलं. चार-पाच फळं कडक निघाली होती, ती मी पिकायला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. तिथेच विसरले होते. हात घातला, तर अजून दगडासारखी. मी रोज दाबून बघायची. जेसीबीच्या आधी पिकू देत, एवढंच देवीला मागत होते.

दसऱ्याला सकाळी ती पिकली. पुरणाचा घाट अर्धा टाकून मी एसटी पकडली. सुभेदार बांधावरच होते, झाडाखाली, हात मागे बांधून. शेजारी बापू ट्रॅक्टरची वाट कशी सरळ निघेल ते दाखवत होते. जेसीबीवाल्याला उद्याचं सांगून ठेवलं होतं.

मी पिशवी पुढे केली. "याच झाडाची आहेत. न शिजवलेली. आधी खा, मग काय करायचं ते करा."

सुभेदारांनी फळ दोन्ही हातांनी फोडलं. एक घास तोंडात घेतला. बिया तळहातावर काढल्या. पुन्हा घेतला. मग उरलेलं अर्धं बापूंच्या हातात दिलं. बापूंनी खाल्लं आणि मान खाली घातली.

"ट्रॅक्टर पलीकडनं वळीव," सुभेदार म्हणाले.

मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तो कडू कपकेक आख्खा का खाल्लात? टाकायचा होता."

ते बियांकडे बघत होते. "मला वाटलं, आण्णांचं झाड हाय. कडू आसलं तरी आपलंच. टाकायचं कसं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. जिजींसाठी एक फळ ठेवलं आणि पुढची एसटी धरली.

आता सीताफळ मी गारच भरते. गिऱ्हाइकाने उन्हातल्या मांडवाचं सांगितलं तर पेरू घ्या म्हणते आणि दालचिनी बेताने घालते. उपवास असो नसो, पहिला कपकेक भिंतीपलीकडे जातो. भाभी घास घेतात आणि मुद्दाम सावकाश चावत राहतात. मी दारात उभी राहते, ट्रे छातीशी धरून.